किती किलो उतरले की काय सुधारतं? (साखर, गुडघे, घोरणं आणि न बोलायच्या गोष्टी)

पर्वतीकर:

वजन कसं उतरवावं यावर इथे धाग्यांचा पाऊस पडून गेलाय. दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, यावरून दीक्षित गट आणि दिवेकर गट अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. तो वाद इथे नको. मला विचारायचंय ते असं, की वजन उतरल्यावर पदरात नेमकं काय पडतं, आणि किती उतरल्यावर?

विचारायचं कारण म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं ते 'आदर्श वजन'. उंची वजा शंभर. त्या हिशेबाने माझं वजन २८ किलो जास्त होतं. २८ हा आकडा ऐकला की माणूस हातपाय गाळतो आणि मिसळीबरोबर जास्तीचा पाव मागवतो. आता जमणारच नाहीये तर उपाशी का मरा?

शरीर मात्र असा सगळं किंवा काहीच नाही असा हिशेब करत नाही. अमेरिकेत २७ केंद्रांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. साखर काठावर असलेली तीन हजारांहून जास्त माणसं त्यात होती. एका गटाला सांगितलं, वजन ७ टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा, चाललात तरी चालेल. तीनेक वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. आणि खरी गंमत पुढे आहे: चालणाऱ्या गटाचं वजन सरासरी साडेपाच किलोच उतरलं होतं. म्हणजे बहुतेक जण शेवटपर्यंत जाडच होते!

माझे ९६ चे ८७ झालेत. फायदे कोणत्या क्रमाने आले ते सांगतो. सगळ्यात आधी घोरणं कमी झालं. हे मला अर्थातच कळलं नाही, घरातून कळवण्यात आलं. मग रक्तदाब उतरला, डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ८० ची ४० केली. मग ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) खाली आले. पोट? पोट आहे तिथेच आहे. सोसायटीतले लोक विचारतात, "काय हो, तब्येत बरी नाही का?"

तर तुमचे अनुभव लिहा. कशाने उतरवलं ते एका ओळीत, काय सुधारलं ते सविस्तर.

टवाळ:

मिसळ आणि जास्तीचा पाव या मुद्द्याशी पूर्ण सहमत. बाकीचा धागा जेवून आल्यावर वाचतो.

सायली_डोंबिवली:

चांगला धागा. पण मी यात कुठे बसते ते सांगा. उंची १६०, वजन ५८. मला जन्मात कुणी जाड म्हटलेलं नाही, उलट सासूबाई म्हणतात "जरा खात जा". तरी ऑफिसच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली, म्हणजे काठावर. आई आणि मामा दोघेही मधुमेही. मी कुठलं वजन उतरवू?

डॉ_गोदाकाठ:

सायलीताई, तुम्ही या धाग्याच्या अगदी मधोमध बसता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! कपड्यांत दोघेही सडसडीतच दिसतात. 'दिसायला बारीक, आतून चरबीदार' असा आपला भारतीय बांधा जगभरच्या डॉक्टरांना समजावून सांगायला तो एक फोटो पुरला. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यात हे जन्मापासूनच असतं असं दिसलं. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोच्या आसपास हलकी, पण कमी कुठे? स्नायूंत, पोटातल्या अवयवांत. कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तुमचा २२.७ येतो, म्हणजे काठावर. पण मी तुम्हाला वजन नाही, कंबर विचारेन. बायकांत ८० सेंमीच्या आत हवी, पुरुषांत ९० च्या.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. जास्तीची चरबी ठेवायची जागा म्हणजे कातडीखाली. ते कपाट भरलं की सामान पलंगाखाली सरकवतात आणि तिथेही मावेना झालं की स्वयंपाकघरात, तसं ते यकृतात आणि मग स्वादुपिंडात जाऊन साठतं आणि साखर बिघडवतं. कुणाचं कपाट मोठं असतं, शंभर किलोला भरतं. आपलं छोटं असतं, साठ किलोलाच भरतं. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी दिसायला बारीक अशाच मधुमेहींवर छोटासा अभ्यास केला. २० माणसं, वजन सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास उतरवलं. त्यातल्या १४ जणांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली.

तुम्ही दोन-तीन किलो उतरवलेत आणि त्याच्या जोडीला वजनं उचलून थोडे स्नायू कमावलेत तरी खूप झालं. सासूबाईंना सांगा, खाते, पण डाळ-उसळ जास्त आणि भात कमी.

सायली_डोंबिवली:

कंबर मोजली. ८६. गप्प बसले.

लेस्टरकर:

डॉक्टरांनी टेलरांचं नाव काढलंच आहे तर इकडची हकीकत लिहितो. त्यांचा आणि ग्लासगोच्या प्रा. माइक लीन यांचा मोठा अभ्यास २०१७ साली आला. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नाहीत अशी ३०० माणसं. अर्ध्या लोकांची मधुमेहाची औषधं पहिल्याच दिवशी बंद केली आणि तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींचं सूप आणि शेक, बाकी काही नाही. वर्षाअखेरीस या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत तर ८६ टक्के.

आता इंग्लंडमध्ये एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) हाच कार्यक्रम सरकारी खर्चाने देते. गोऱ्यांना बीएमआय २७ लागतो, आपल्या लोकांना २५ वरच प्रवेश मिळतो. या बाबतीत तरी आरक्षण मिळालं. मी तो केला. कढीपत्ता नाही, फोडणी नाही, १२ आठवडे पुड्या पाण्यात कालवून प्यायच्या. बायको पलीकडे थालीपीठ लावत होती आणि मी या खोलीत व्हॅनिला शेक घेऊन बसलेलो. १४ किलो उतरले, त्यातले ४ परत आले. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९ ची ५.९ झाली आणि अजून तिथेच आहे. पायाला मुंग्या येत होत्या त्याही बऱ्याच कमी झाल्या, त्या वजनामुळे की साखर उतरल्यामुळे ते माहीत नाही.

कोकणकडा:

>> ४६ टक्के

दोन वर्षांनी ते ३६ टक्क्यांवर आले, हेही लिहा की. लोकांचं वजन परत वाढतं.

आणि सगळा धागा फायद्यांच्या आरत्या ओवाळतोय म्हणून दुसरी बाजू. अमेरिकेतच लुक अहेड नावाचा अभ्यास झाला. पाच हजारांवर जाड मधुमेही, अर्ध्यांना कडक आहार आणि व्यायाम, साडेनऊ वर्षं. शेवटी हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयरोगाने मृत्यू, दोन्ही गटांत सारखेच! २०१२ मध्ये अभ्यास मध्येच थांबवला, पुढे चालवून उपयोग नाही म्हणून. तेव्हा 'वजन उतरवा, हृदय वाचवा' हे पोस्टर लावण्याआधी जरा थांबा.

डॉ_गोदाकाठ:

कोकणकडा, मुद्दा रास्त आहे आणि बरेच डॉक्टरही तो सांगायचं टाळतात. त्याच अभ्यासातल्या आहार-व्यायामाच्या गटाला औषधं कमी लागली, घोरण्याचा आजार कमी झाला, चालणं-फिरणं सुधारलं, मूत्रपिंडाचा त्रास कमी जणांना झाला, हेही खरं. पण हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. एक कारण असं सांगतात की दोन्ही गटांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्तदाबाची औषधं चांगली मिळत होती आणि वर्षं सरली तसा दोन्ही गटांच्या वजनातला फरकही कमी होत गेला.

२०२३ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा अभ्यास आला. हृदयरोग आधीच असलेली, जाड पण मधुमेह नसलेली १७ हजारांवर माणसं. त्यात हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे २० टक्क्यांनी कमी झाले. त्यात वजनाचा वाटा किती आणि औषधाचा स्वतःचा किती यावर अजून भांडण चालू आहे. माझं मत विचाराल तर वजनाचे पक्के फायदे म्हणजे साखर, रक्तदाब (किलोमागे साधारण एक मिमी), यकृत, सांधे आणि झोप. हृदयासाठी स्टॅटिन लिहून दिलेली असेल तर "वजन उतरलं, आता कशाला" म्हणून सोडू नका.

स्वानंदी_सातारा:

मला एक वेगळंच खुपतं. मी पहिल्यापासून जाड आहे. दवाखान्यात कशासाठीही जा, कान दुखतोय म्हणून जा, उत्तर एकच, "आधी वजन कमी करा". एकदा पाठ दुखत होती, तेच ऐकून घरी आले, महिनाभर सोसलं, मग दुसऱ्या डॉक्टरांनी हात लावून तपासलं तेव्हा कळलं की मणक्यातली चकती सरकली होती. वजन उतरवण्याचे फायदे मला मान्य आहेत, पण तेवढ्यासाठी माणसाला तपासायचंच नाही?

आणि ज्यांचं उतरत नाही त्यांनी फक्त चालावं. त्याचा फायदा मला झालाय, काट्यावर एक किलोही न हलता.

पर्वतीकर:

स्वानंदी, शंभर टक्के. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला पुरावाही आहे आणि तो आपल्या देशातला आहे. मी धाग्याच्या सुरुवातीला सांगितला तसाच अभ्यास चेन्नईला झाला, २००६ साली छापून आला. तिथे चालणं आणि खाण्यातले बदल करणाऱ्यांत मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला आणि वजन जवळपास हललंच नव्हतं.

एक_काकू:

नेहमीच्या नावाने लिहिण्याची हिंमत नाही म्हणून दुसरं नाव घेतलंय. पुरुष मंडळींनी पुढचं सोडून दिलं तरी चालेल.

खोकला आला, शिंक आली, नातवाला उचललं की थेंब-थेंब. कितीतरी वर्षं. लग्नाकार्याला जायचं तर आधी तिथलं स्वच्छतागृह कुठे ते विचारून ठेवायचं, एसटीचा लांबचा प्रवास बंद, भिशीत सगळ्या पोट धरून हसत असल्या की मी उठून आत जायची. बाळंतपणानंतर व्हायचंच म्हणून कुणाला सांगितलं नाही. वजन मी गुडघ्यांसाठी उतरवलं, ७९ चं ७१. गुडघे थोडे बरे. पण हे दुसरं निम्म्याहून कमी झालं! हे कसं काय? योगायोग?

डॉ_गोदाकाठ:

काकू, योगायोग नाही, आणि लिहिलंत ते फार बरं केलंत. पोटातल्या चरबीचा भार सतत मूत्राशयावर आणि त्याखालच्या स्नायूंच्या झोळीवर पडत असतो. तो कमी झाला की खोकल्याचा दाब पेलतो. याच्यावर ३३८ बायकांचा अभ्यास २००९ साली छापला गेला. आठ टक्के वजन उतरल्यावर असे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. उरलेल्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, त्या विषयाच्या फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. लघवी मध्येच अडवण्याचा 'व्यायाम' मात्र रोज करत बसू नका.

फिजिओ_मिरज:

काकूंना +१. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या तीन-चार बायका हेच दार लावून, आवाज खाली आणून सांगतात.

आता गुडघे. एक किलो उतरला की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे मोजलेलं आहे (२००५, साठीच्या पुढच्या, गुडघे झिजलेल्या जाड लोकांवर). किलोमीटरभर चाललात तर गुणाकार तुम्हीच करा. पण वजन उतरलं म्हणजे झिजलेली कूर्चा परत येत नाही. दुखणं कमी होतं, जिना सोपा जातो, शस्त्रक्रिया लांबते.

काकूंचे गुडघे 'थोडेच' का बरे झाले त्याचं उत्तर बहुधा मांडीत आहे. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, उतरलेल्यातला चौथा हिस्सा तरी. मांडीचा पुढचा स्नायू बारीक झाला की गुडघ्याला आधार राहत नाही. साधा उपाय: पक्क्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी बांधायचे, हातांचा टेकू न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन नाही, सावकाश. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, फरशीवर सरकते. न जमल्यास खाली उशी घालून उंची वाढवा. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जितकं होईल तितकं.

टवाळ:

जेवून आलो. पाव दोनच खाल्ले.

घोरण्याचं कुणीतरी सांगा. आमच्याकडे खोल्या वेगळ्या करायची वेळ आली आहे. (घोरणारा मी नव्हे. ह. घ्या.)

डॉ_गोदाकाठ:

घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल, दिवसा सिग्नलला डुलकी लागत असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्या, तो साधा घोरण्याचा प्रकार नव्हे. वजन दहा टक्के उतरलं की श्वास अडण्याचे प्रसंग साधारण पाव हिश्शाने कमी होतात. कसे, ते २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी एमआरआय काढून पाहिलं तर उत्तर निघालं जिभेत! जिभेतही चरबी साठते, वजन उतरलं की तीही उतरते, आणि घशातला रस्ता मोकळा होतो. गळ्याभोवतीची चरबी हेच कारण असं आम्ही शिकलो होतो, पण सगळ्यात जास्त फरक जिभेतल्या चरबीने पडत होता.

झोपेत श्वास चालू ठेवणारं मशीन दिलेलं असेल तर वजन उतरल्यावर आपणहून बंद करू नका, पुन्हा तपासा.

इंजेक्शनवाला_ठाणे:

कशाने उतरवलं ते एका ओळीत: मौंजारो, वजन आणि साखर उतरवणारं इंजेक्शन. भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू केलं. आता शिव्या घाला.

११४ होतो, आता ९५. यकृतातली चरबी सोनोग्राफीत ग्रेड २ होती, आता ग्रेड १. साखरेच्या दोन गोळ्या बंद. पण मला सगळ्यात मोठा फरक डोक्यात जाणवला. आधी ऑफिसात बसून चार वाजता मनात वडापाव सुरू व्हायचा तो स्टेशनवर खाल्ल्याशिवाय थांबायचा नाही. तो आवाजच बंद झाला. इच्छाशक्तीवर व्याख्यानं देणाऱ्यांना एवढंच सांगतो, ज्याच्या डोक्यात तो आवाज नाही त्याला संयम सोपाच असतो.

त्रास: सुरुवातीला मळमळ, बद्धकोष्ठ, करपट ढेकर. आणि प्रथिनं खायची विसरलो तर हात-पाय काटकुळे होतात. सोडल्यावर काय, ही धास्ती आहेच.

कोकणकडा:

धास्ती खरी आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलं होतं. पण शिव्या का घालू? रक्तदाबाची गोळी सोडली तर दाबही परत चढतो, तिथे कुणी इच्छाशक्ती काढत नाही.

मृण्मयी_औंध:

पीसीओएसवाल्या (हार्मोन बिघडून पाळी अनियमित झालेल्या) मुलींसाठी दोनच ओळी. पाच टक्के वजन उतरल्यावर माझी पाळी आपोआप सुरू झाली, अनेकींची होते. मैत्रिणीला मूल नको होतं, 'आपल्याला कुठे राहतंय' म्हणून निर्धास्त होती आणि राहिलं. तेव्हा सावध. आणि ती इंजेक्शनं चालू असतील तर गरोदरपण ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला, ती बंद करावी लागतात.

डॉ_गोदाकाठ:

धागा वाचून उद्यापासून सुरू करणाऱ्यांसाठी, कारण दवाखान्यात असे रुग्ण येतात: ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केलंत तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डापाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी चालू असताना भात-पोळी-भाकरी अगदी बंद केली तर साखर ठीक दिसत असूनही रक्तात आम्ल वाढू शकतं, त्यात जिवाला धोका आहे. रक्तदाबाची गोळी तीच ठेवून वजन उतरलं तर उठताना चक्कर येते. आहार बदलण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, नंतर नको.

फार भराभर उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात. आणि काहीही न करता वजन उतरत असेल तर पेढे वाटू नका. थायरॉइड, क्षय, वाढलेली साखर, कर्करोग, सगळं तपासायला हवं. सत्तरीच्या पुढे जरा जास्त वजन असलं तरी मी मागे लागत नाही, स्नायू सांभाळायला सांगतो.

सायली_डोंबिवली:

डॉक्टर, कंबर बेंबीवर मोजायची ना? नवऱ्याची पँट ३४ ची आहे, म्हणजे ८६ सेंमी, म्हणजे तो नापास नाही असं तो म्हणतोय.

डॉ_गोदाकाठ:

बेंबीवर नाही, पोट सुटलं की बेंबी जागा सोडते. सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कंबरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लावा. टेप आडवा, घट्ट ओढायचा नाही, श्वास सोडल्यावर वाचायचा. पोट आत घेऊन फोटो काढल्यासारखं उभं राहायचं नाही.

पँटचा नंबर धरू नका. पुरुषांची पँट दरवर्षी बोटभर खाली सरकते, नंबर तोच राहतो.

सायली_डोंबिवली:

नवऱ्याची ९७ भरली. आता दोघेही उद्यापासून चालायला जाणार आहोत, त्याचं तोंड मात्र बघण्यासारखं झालंय.